गावाचे शहर कोणी करावे?

गाव कोणते आणि शहर कोणते, हा प्रश्न वरवर पाहता भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातला वाटतो. वास्तविक तो पैशाचा आणि अधिकाराचा प्रश्न आहे. घरपट्टी किती भरावी लागेल, घराच्या नकाशाला परवानगी कोणाकडे मागावयाची, घरकुलाचे अनुदान कोणत्या योजनेतून मिळेल, केंद्राच्या ग्रामीण रोजगार हमीवर हक्क सांगता येईल की नाही, हे सारे आपल्या वस्तीला कायद्याने कोणते नाव दिले आहे यावर ठरते. नोकरदारांना तर हे वेगळे सांगावयास नको. घरभाडे भत्ता शहराच्या श्रेणीप्रमाणे मिळतो. पन्नास लाखांवरील शहरे पहिल्या श्रेणीत, पाच ते पन्नास लाखांची दुसऱ्या आणि उरलेली तिसऱ्या श्रेणीत. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्राने या श्रेणींसाठी आरंभी मूळ वेतनाच्या २४, १६ आणि ८ टक्के असे दर ठेवले होते. राजपत्रातील दोन ओळी सामान्य माणसाच्या खिशापर्यंत कशा पोचतात, याचे हे साधे उदाहरण.

असे असूनही ही नावे कोण देतो, कोणत्या कसोटीवर देतो आणि दिलेले नाव काढून कसे घेतो, याची चर्चा आपल्याकडे क्वचितच होते. हद्दवाढीची बातमी आली की मोर्चे निघतात, बंद पाळले जातात. पण वाद एका गावापुरता राहतो आणि त्यामागील पद्धत कोणी तपासत नाही.

कायदा काय सांगतो?

ग्रामपंचायतींना घटनात्मक स्थान देणारी ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी आणि नगरपालिकांविषयीची ७४ वी १ जून १९९३ रोजी अमलात आली. दुसऱ्या दुरुस्तीने नागरी वस्तीचे तीन प्रकार मानले. गावातून शहराकडे वाटचाल करणाऱ्या संक्रमणशील क्षेत्रासाठी नगरपंचायत, लहान नागरी क्षेत्रासाठी नगरपरिषद आणि मोठ्या नागरी क्षेत्रासाठी महानगरपालिका. हे क्षेत्र ठरविताना राज्यपालांनी, म्हणजे व्यवहारात राज्य शासनाने, लोकसंख्या, तिची घनता, स्थानिक प्रशासनासाठी मिळणारा महसूल, बिगरशेती रोजगाराचे प्रमाण, आर्थिक महत्त्व आणि योग्य वाटतील असे अन्य घटक लक्षात घ्यावेत, असे अनुच्छेद २४३-थ सांगतो.

महाराष्ट्राने या घटकांपैकी काहींना आकडे दिले. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे दहा ते पंचवीस हजार वस्तीचे क्षेत्र नगरपंचायतीस पात्र ठरते. पंचवीस हजारांवर, आणि किमान ३५ टक्के रोजगार बिगरशेती असल्यास, नगरपरिषद होऊ शकते. नगरपरिषदांचेही तीन वर्ग आहेत. एक लाखांवर 'अ', चाळीस हजार ते एक लाख 'ब' आणि त्याखाली 'क'. महापालिकेसाठी तीन लाखांची मर्यादा आहे.

लोकसंख्येचा आकडा ठरला, रोजगाराचा ठरला. महसुलाचा मात्र ठरलेला नाही. घटनेने स्पष्ट शब्दांत सांगितलेली ही कसोटी आपण मोघम ठेवली. साऱ्या गोंधळाचे मूळ येथे आहे. वस्ती वाढली म्हणून तिचे नाव बदलावयाचे. पण नव्या नावाबरोबर येणारा खर्च ती पेलू शकेल काय, हा प्रश्न अधिसूचनेपूर्वी विचारण्याची सक्ती कोणावरही नाही.

दोन टोके

याचा परिणाम दोन परस्परविरुद्ध दिशांना झालेला दिसतो. एकीकडे जी गावे केव्हाच शहरे झाली आहेत, ती कागदावर गावेच राहिली. जनगणना खाते पाच हजार लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला चारशेची घनता आणि पुरुष कामकऱ्यांपैकी तीन चतुर्थांश बिगरशेती उद्योगात, अशी कसोटी लावून काही गावांना जनगणनेपुरते शहर मानते. २००१ साली देशात अशी १,३६२ शहरे होती. २०११ मध्ये ती ३,८९४ झाली. याच दशकात कायद्याने शहर ठरलेल्या वस्त्या ३,७९९ वरून केवळ ४,०४१ वर गेल्या. महाराष्ट्रात २०११ साली कायदेशीर शहरे २५६, आणि ग्रामपंचायतीच्या कारभाराखालील जनगणना शहरे २७९. म्हणजे निम्म्याहून अधिक शहरांत चार-पाच मजली इमारती, गटारे आणि कचरा यांचा भार शेतवस्तीसाठी घडविलेल्या यंत्रणेवर पडला होता.

दुसरीकडे, ज्यांची तयारी नव्हती त्यांना एका निर्णयासरशी शहर करण्यात आले. २०१४ मध्ये राज्य शासनाने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना सरसकट नगरपंचायतीचा दर्जा देण्याचे धोरण स्वीकारले. तहसील कचेरी असणे हीच पात्रता ठरली. त्यांतील कित्येक ठिकाणी बाजाराचा दिवस सोडला तर शहरपणाची दुसरी खूण आढळत नाही.

अशा गावाने काय गमावले? ग्रामीण योजना गेल्या, हे एक. त्याहून मोठी हानी ग्रामसभेची. ग्रामसभेला घटनेने स्थान दिले आहे; तेथे उभा राहून कोणीही मतदार खर्चाचा जाब विचारू शकतो. शहरात तिची जागा घेणाऱ्या प्रभाग समित्या घटनेने बंधनकारक केल्या आहेत त्या फक्त तीन लाख वा अधिक वस्तीच्या शहरांत. बारा हजार वस्तीच्या नगरपंचायतीतील नागरिकाची ग्रामसभा गेली आणि तशी घटनात्मक हमी असलेले दुसरे काही त्याच्या हाती आले नाही.

उत्पन्नाची बाजूही तितकीच लंगडी आहे. महाराष्ट्रातील नगरपरिषदांची जकात १९९९ साली गेली. महापालिकांत तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५ मध्ये बहुतांश रद्द झाला आणि मुंबईची जकात २०१७ मध्ये वस्तू व सेवा करात विलीन झाली. आता स्वतःचे म्हणावे असे मोठे साधन उरले ते मालमत्ता कराचे. तो वाढविला की लोक रागावतात, न वाढविला तर नळाला पाणी येत नाही.

हद्दींचा हिंदोळा

नावापेक्षाही हद्दींची कहाणी अधिक उद्बोधक आहे. कल्याणची महापालिका १९८३ साली स्थापन झाली. १९९२ मध्ये अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर तिच्यातून वेगळे झाले. २००२ मध्ये २७ गावे वगळण्यात आली, २०१५ मध्ये ती पुन्हा घेण्यात आली आणि २०२० मध्ये त्यांतील १८ गावे स्वतंत्र नगरपरिषदेसाठी परत वगळण्याची अधिसूचना निघाली. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. या अवधीत तेथे शाळा कोणी बांधावयाची, बांधकाम परवाना कोणी द्यावयाचा आणि अनधिकृत इमारती कोणी पाडावयाच्या, हे वारंवार बदलत राहिले. ज्या जमिनीचा मालक कोण हे अनिश्चित असते तिच्यावर अतिक्रमण होते. ज्या गावाचा कारभारी कोण हे अनिश्चित असते त्याचेही तेच होते.

पुण्याचा अनुभव निराळा नाही. १९९७ साली ३८ गावे महापालिकेत घेण्यात आली आणि २००१ मध्ये त्यांतील काही वगळण्यात आली. पुढे २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आत आली. २०१७ च्या यादीतील उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांनी कराच्या बोजाविरुद्ध आवाज उठविला आणि २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. उलट कोल्हापुरात १९७२ साली महापालिका झाल्यानंतर दशकानुदशके हद्दवाढीचे प्रस्ताव आसपासच्या गावांच्या विरोधामुळे अडून राहिले. कायदा एकच, परिस्थिती बरीचशी सारखी. मग निकाल इतके भिन्न का? कारण निर्णय नियमाने न होता त्या त्या वेळच्या राजकीय बळाबळावर होतो. निवडणूक जवळ आली की हद्दी हलू लागतात, हे आता कोणास नवीन राहिलेले नाही.

गावाचा नकार अंतिम मानावा काय?

गावांना नको असेल तर शहराने त्यांना घेऊ नये, असा एक सोपा उपाय सुचविला जातो. तो मान्य करता येणार नाही. शहराला खेटून असलेली वस्ती शहराचे रस्ते, रुग्णालये आणि बाजारपेठ वापरते; त्यांचा खर्च शहरातील करदात्यानेच सोसावा असे म्हणणे न्यायाचे नाही. गावाला नकाराधिकार नको. पण त्याचे म्हणणे ऐकून कारणांसह उत्तर मिळण्याचा हक्क त्याला अवश्य हवा. आज अधिसूचनेपूर्वी हरकतींसाठी किमान तीस दिवसांची मुदत मिळते. हरकती जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात आणि निर्णय शासन घेते. महापालिकेशी विचारविनिमय करण्याचे बंधन कायद्यात आहे. परंतु राज्यातील अनेक नागरी संस्था २०२२ पासून काही वर्षे प्रशासकांच्या हाती होत्या. शासनाने आपणच नेमलेल्या अधिकाऱ्याचे मत घ्यावे आणि त्याला विचारविनिमय म्हणावे, ही लोकशाहीची थट्टा होय.

या संदर्भात एक जुनी गोष्ट आठवण्यासारखी आहे. कंपनी सरकारने १८५० साली केलेल्या २६ व्या कायद्यान्वये एखाद्या गावात नगरपालिका सुरू करावयाची तर तशी तेथील रहिवाशांची इच्छा असल्याची सरकारची खात्री पटावी लागे. परक्या राज्यकर्त्यांनी, मर्यादित अर्थाने का होईना, जी अट पाळली ती स्वराज्यात अनावश्यक ठरावी, हे आश्चर्य आहे.

काय करता येईल?

उपाय फार अवघड नाहीत. पहिला, कोणत्याही वस्तीचे नाव वा हद्द बदलण्यापूर्वी पुढील पाच वर्षांच्या जमाखर्चाचा ताळेबंद प्रसिद्ध व्हावा. कर किती वाढेल, कोणती अनुदाने बंद होतील, पाणी व मलनिस्सारणाचा खर्च कोठून येईल, ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांचे काय होईल, हे लोकांना मराठीत आणि आकड्यांत आधी कळले पाहिजे. दर पाच वर्षांनी नेमावयाचा राज्य वित्त आयोग घटनेतच आहे. हा ताळेबंद तपासण्याचे काम त्याच्याकडे द्यावे. दुसरा, ग्रामसभेचा आणि निवडून आलेल्या नागरी संस्थेचा ठराव घेणे बंधनकारक असावे. शासनाने तो डावलल्यास कारणे लेखी द्यावीत, आणि प्रशासकाच्या काळात हद्दी हलवू नयेत. तिसरा, एकदा आखलेली हद्द पुढील जनगणनेपर्यंत कायम राहावी. चौथा, कसोटीस उतरलेल्या जनगणना शहरांचा निर्णय ठराविक मुदतीत व्हावा. नियम दोन्ही बाजूंनी चालला तरच त्याला नियम म्हणता येईल.

२०२१ ची जनगणना त्या वर्षी झाली नाही. नवी जनगणना २०२७ साठी जाहीर झाली आहे. तिचे आकडे हाती आल्यावर महाराष्ट्रातील अनेक गावे शहरांच्या यादीत दिसतील आणि नव्या नगरपंचायतींची, नव्या हद्दवाढीची मागणी जोर धरील, हे उघड आहे. त्यापूर्वी नियम ठरले तर या मागण्यांचा निर्णय गुणदोषांवर होईल. ते ठरले नाहीत तर कोणते गाव शहर व्हावे हे तेथील आमदाराचे वजन ठरवील, आणि वाढलेली घरपट्टी मात्र साऱ्या गावाला भरावी लागेल.