जामीन राहणे : एका सहीची जबाबदारी

चौविहार करून घर शांत होत असतानाच पोलीस ठाण्यातून निरोप येतो : धाकट्या चिरंजीवांना अटक झाली आहे. पिढ्यान्‌पिढ्या हिशेब चोख ठेवणारे घर त्या एका वाक्याने गांगरून जाते. कोणी रोकड जमवू लागतो, कोणी ओळखीपाळखी शोधतो. अशा वेळी खरा आधार असतो तो प्रक्रियेच्या नेमक्या माहितीचा.

संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदानुसार अटकेची कारणे सांगणे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे बंधनकारक आहे. म्हणून पहिली विचारणा कोणते कलम लावले याची करावी. गुन्हा जामीनपात्र असल्यास जामीन हा हक्क असून तो पोलीस ठाण्यातूनही मिळू शकतो. अजामीनपात्र असल्यास निर्णय न्यायालयाच्या हाती असतो.

‘पंचवीस हजार रुपयांचा जातमुचलका व तितक्याच रकमेचा एक जामीनदार’ अशा स्वरूपाचा आदेश होतो, तेव्हा अनेक कुटुंबे ही रक्कम तत्काळ भरावयाची आहे असे समजतात. तसे नसते. जातमुचलका हे आरोपीने स्वतः दिलेले वचन. जामीनदार हा आरोपी तारखेस हजर राहील याची हमी देणारा. हमी मोडली, तरच रक्कम देण्याचा प्रश्न येतो. न्यायालयाने परवानगी दिल्यास जामीनदाराऐवजी रोख अनामत भरता येते. मुंबईत अनेकदा काही आठवड्यांसाठी रोख जामिनावर सोडून तेवढ्या अवधीत जामीनदार देण्यास सांगितले जाते. रोख रकमेची पावती दस्तऐवजासारखी जपावी. अटी पाळल्या असल्यास प्रकरण संपल्यावर ती रक्कम परत मागता येते.

जामीनदारास ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि ऐपत दाखविणारे कागद द्यावे लागतात : सातबारा, मालमत्ता पत्रक, प्राप्तिकर विवरणपत्र, काही ठिकाणी तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला. आपण आजवर किती जणांना जामीन आहोत, हेही जाहीर करावे लागते. न्यायालयाच्या आवारात पैसे घेऊन जामीनदार मिळवून देणारे भेटतात. त्यांचे कागद बनावट निघाल्यास एका संकटातून दुसरा गुन्हा उभा राहतो.

भिडेखातर सही करणाऱ्या काका-मामांनी पुढील गोष्टी जाणून घ्याव्यात. आरोपी गैरहजर राहिल्यास मुचलका जप्त होऊन जामीनदारास कारणे दाखवा नोटीस येते. न्यायालय रकमेत सूट देऊ शकते. परंतु रक्कम न भरल्यास व ती वसूल न झाल्यास सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कारावास होऊ शकतो. ‘तुमचे पैसे गेले तर आम्ही भरून देऊ’ असा करार लोकनीतीविरुद्ध मानला जातो. त्याच्या बळावर वसुली होत नाही. मात्र विश्वास उडाल्यास जामीनदारास मुक्ततेसाठी अर्ज करता येतो; मग आरोपीला पुन्हा हजर करून नवा जामीनदार देण्यास सांगितले जाते. मुचलका जप्त होण्यापूर्वी जामीनदाराचे निधन झाल्यास त्याच्या मालमत्तेवर हे ओझे राहत नाही.

जामिनाची रक्कम अवाजवी नसावी, असे १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिताही सांगते. १९७८ साली मोतीराम या गवंड्याच्या प्रकरणात, जामीनदार परजिल्ह्यातील म्हणून नाकारणे सर्वोच्च न्यायालयाने अयोग्य ठरविले आणि दहा हजारांच्या जागी एक हजाराच्या जातमुचलक्यावर सुटकेचा आदेश दिला. २०२३ च्या निर्देशांनुसार, जामीन मंजूर होऊनही महिनाभरात पूर्तता झाली नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. ऐपत नसलेल्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.

सुटकेचा आदेश कारागृहात पोहोचल्याखेरीज दार उघडत नाही. संध्याकाळ टळली तर आणखी एक रात्र जाते; म्हणून कागद सकाळीच तयार ठेवावेत. आणि मुलगा घरी आला म्हणजे सारे संपले, असेही नव्हे. प्रत्येक तारीख घरातील दिनदर्शिकेवर लिहावी, जामीनदारासही कळवावी. हुंडीवर सही करण्यापूर्वी व्यापारी जेवढा विचार करतो, तेवढाच येथे करावा. आणि सही केल्यावर हुंडीची मुदत जशी सांभाळतो, तशी ती तारीख सांभाळावी.