दिवाणखान्यातील समुद्र

शोभेच्या वस्तूंचीही एक वंशावळ असते. आमच्या वडिलांच्या पिढीत सुखवस्तू घराच्या दिवाणखान्यात काचेचे कपाट असे व त्यात रामेश्वराच्या यात्रेहून किंवा मुंबईच्या चौपाटीवरून आणलेले शंखशिंपले मांडलेले असत. त्यांतील जीव केव्हाच गेलेला असे. पुढे कपाटाच्या जागी गोड्या पाण्यातील माशांची काचपेटी आली. आता तिच्याही पुढली पायरी निघाली आहे. टाकीत समुद्राचे पाणी तयार करावयाचे, त्यात पोवळी लावावयाची आणि त्या पोवळ्यांच्या मध्यभागी जिवंत शिंपला ठेवावयाचा! ही हौस मुंबईपुण्यापुरती होती तोवर तिची दखल घेण्याचे आम्हांस प्रयोजन नव्हते. परंतु मुंबईपासून लोहमार्गाने सुमारे 500 किलोमीटर आत असलेल्या मलकापुरातही तिचे दर्शन आम्हांस घडले, आणि तेथे 'शास्त्रीय छंद', 'मुलांचे शिक्षण' अशा भारदस्त नावांनी तिची ओळख करून देण्यात आली. नावे भारदस्त झाली म्हणजे त्यांची झडती घेणे प्राप्त होते.

घडले ते असे. माघ महिन्यात आम्ही मलकापुरास एका स्नेह्यांकडे उतरलो होतो. दिवाणखान्यात निळ्या उजेडाची टाकी, आणि तीत वीतभर लांबीचा, निळ्याहिरव्या झालरीचा एक शिंपला. घरातील आठ वर्षांची मुलगी टाकीवरून हात फिरवी. सावली पडली की शिंपला झटकन मिटे, आणि ती टाळ्या पिटी. दृश्य मोठे मनोहर होते, हे आम्ही नाकारीत नाही. पुढे वैशाखात एके दुपारी गेलेली वीज दुसऱ्या दिवशी पहाटे आली. तोवर पाणी तापले होते, पंप थांबला होता, आणि शिंपला जो उघडला तो पुन्हा मिटला नाही. आम्ही हळहळ व्यक्त केली तेव्हा ती मुलगी अगदी सहजपणे म्हणाली, "काही नाही हो काका, बाबा दुसरा मागवणार आहेत."

हा लेख लिहिण्यास आम्हांस प्रवृत्त केले ते या एका वाक्याने. शिंपला मेला याचे दुःख आहेच. पण त्या मुलीच्या मनात मरणाचा अर्थ 'दुसरा मागवणे' एवढाच उरला, ही गोष्ट आम्हांस अधिक गंभीर वाटते.

प्रथम हा प्राणी कोण हे पाहू. कोकणात ओहोटीच्या वेळी बायका खाडीच्या वाळूतून ज्या तिसऱ्या वेचतात, त्यांचाच हा दूरचा आप्त. ट्रायडॅक्ना हे त्याचे शास्त्रीय नाव. त्याची सर्वांत मोठी जात मीटरभराहून अधिक लांब व 200 किलोंच्या घरात वजनाची होते. घरगुती टाकीत येतात त्या धाकट्या जाती. या कुळाचा विशेष असा की, त्याच्या रंगीत झालरीत अतिसूक्ष्म शैवाल वस्तीला असते. शिंपला त्यास आसरा व उजेड देतो, आणि ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यातील मोठा वाटा यजमानास देते. 1928-29 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभिंतीवर गेलेल्या मोहिमेचे प्रमुख सी. एम. यंग यांनी या सहजीवनाचा बारकाईने अभ्यास केला. झालरीच्या कडेला शेकडो बारीक नेत्र असतात. सावली पडताच शिंपला मिटतो तो त्यांच्यामुळे. ती मुलगी ज्यास खेळ समजत होती तो त्या जीवाचा शत्रूपासून केलेला बचाव होता. हे तिला कोणी सांगितले नव्हते. कारण सांगणाऱ्यासच ते ठाऊक नव्हते.

असा जीव मलकापुरात जगविण्यास काय लागते? लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार. कवच वाढावे म्हणून लिटरमागे 400 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम. दिवसाकाठी दहाबारा तास प्रखर दिवा. आणि 24 ते 27 अंशांच्या आसपास स्थिर राहणारे पाणी. पाणी फार तापले की झालरीतील शैवाल निघून जाते, शिंपला पांढरा पडतो व उपाशी मरतो. वैशाखात बाहेर पारा 43 अंशांपलीकडे जाणाऱ्या गावी हा थंडावा केवळ विजेच्या बळावर टिकतो, आणि वीज आमच्या सोयीने जात नाही.

कोणी म्हणेल, मीठ विकत मिळते, मग समुद्र करण्यास अडचण कोणती? खारटपणा म्हणजे समुद्र नव्हे, हे बुलढाणा जिल्ह्यातील माणसास तरी सांगावे लागू नये. आमच्याच जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. त्याचे पाणी खारट खरे, पण अल्कधर्मी. त्याचा सामू दहाच्या आसपास नोंदला गेला आहे, आणि समुद्राचा आठाच्या थोडा वर असतो. समुद्रातील शिंपला तेथे जगणार नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात विहिरीचे पाणीही खारे लागते, म्हणून तेथे कोणी पोवळी लावीत नाही. समुद्र हा भरतीओहोटी, प्रवाह, ऋतू आणि असंख्य जीव यांचा संसार आहे. पुडीतील मिठाने त्याची केवळ चव येते.

आता पूर्वपक्षाकडे वळू. त्याचे पहिले म्हणणे असे की, यामुळे मुलांना निसर्गाचे शिक्षण मिळते. शिक्षणाचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. 1951 साली मुंबईत उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय पाहून कित्येक पिढ्यांतील मुले समुद्राविषयी कुतूहल घेऊन घरी परतली. पण सार्वजनिक मत्स्यालयातील जीव मूल पाहते व तेथेच सोडून येते. तो आपला नाही, हे त्यास कळते. घरच्या टाकीत नेमका हाच धडा पुसला जातो. तेथे मूल शिकते ते हे की, जगातील कोणतीही नवलाई घरी मागविता येते आणि मेली तर पुन्हा मागविता येते.

दुसरे म्हणणे अधिक वजनाचे आहे. हे शिंपले आता समुद्रातून ओरबाडीत नाहीत, त्यांची पैदास करतात, असे सांगण्यात येते. यात तथ्यांश आहे. पलाऊसारख्या पॅसिफिक बेटांवर गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या शिंपल्यांची पैदास यशस्वी झाली, आणि तशा पैदाशीने समुद्रावरील भार हलका होतो हे आम्ही मान्य करतो. परंतु आमच्या स्नेह्यांना आम्ही विचारले, "हा शिंपला पैदाशीचा कशावरून?" ते म्हणाले, "दुकानदाराने सांगितले." कागद? कागद नव्हता. आता कायदा पाहा. या सबंध कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार 1980 च्या दशकापासून जागतिक कराराच्या बंधनाखाली आहे. 2001 साली भारत सरकारने ट्रायडॅक्ना मॅक्सिमा, ट्रायडॅक्ना स्क्वामोसा व हिप्पोपस हिप्पोपस या जाती 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातल्या. खडक बांधणारी पोवळीही त्याच वर्षी तेथे गेली. वाघ ज्या अनुसूचीत होता, तीतच शिंपलाही बसविला गेला. वाघाचा बच्चा विकत घेताना जो गृहस्थ दुकानदाराच्या शब्दावर विसंबणार नाही, त्याने शिंपल्याच्या बाबतीत तसे का विसंबावे? लक्षद्वीप वा अंदमानच्या खडकावर हा शिंपला चिवट तंतूंनी घट्ट रुतून बसतो. ते तंतू मुळापासून हिसकले तर बहुधा तो जगत नाही. दिवाणखान्यात पोचलेल्या एका शिंपल्यामागे वाटेत किती मेले, याचा हिशेब कोणत्याही पावतीवर नसतो.

तिसरे म्हणणे, पैसा आमचा, घर आमचे, तुम्हांस काय त्याचे? पैशाबद्दल आम्ही बोलत नाही, पाण्याबद्दल बोलतो. या टाकीस नळाचे पाणी चालत नाही, आर.ओ. यंत्रातून काढलेले शुद्ध पाणी लागते, आणि घरगुती यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर टाकून देते. 200 लिटरच्या टाकीत आठवड्यास 20 लिटर पाणी बदलले आणि उन्हाळ्यात तितकेच वाफ होऊन गेले असे धरले, तर 40 लिटरांसाठी 120 लिटर मोरीत जातात. आकडा प्रचंड नाही, हे आम्हीच सांगतो. पण जेथे उन्हाळ्यात शेजारीण हंडा घेऊन नळाची वाट पाहते, तेथे तो लहानही नाही. शिवाय बदललेले खारे पाणी जाते कोठे? गटारातून पुन्हा याच मातीत, आणि मिठाने नापीक झालेली जमीन म्हणजे काय हे येथील शेतकऱ्याला विचारावे.

"म्हणजे तुम्हांस कोणताच छंद नको!" असा आक्षेप येईल. तसे मुळीच नाही. ज्यास शिंपल्याचे वेड आहे, त्याने मलकापुराजवळून वाहणाऱ्या नळगंगेच्या काठी जावे, ती ज्या पूर्णेस मिळते तिच्या काठी जावे. आपल्या नद्यांच्या गाळात लॅमेलिडेन्स नावाचा काळपट शिंपला राहतो. याच्याच कवचाने आमच्या आज्या कैऱ्या सोलीत व तान्ह्यांस दूध पाजीत. तो दिवसाकाठी कित्येक लिटर पाणी गाळतो. त्याची पिले जन्मल्यावर काही काळ माशांच्या कल्ल्यांना वा परांना चिकटून राहतात आणि मग तळाशी उतरतात. म्हणून मासे गेले की शिंपल्याचा वंशही खुंटतो. वाळूसाठी पात्र उपसले, सांडपाणी सोडले, की तोही जातो, आणि त्याच्यासाठी कोणी टाकी बांधीत नाही. कारण त्याच्या झालरीस निळा रंग नाही. मुलास पाण्याच्या कडेला बसवावे, शिंपला हाती द्यावा, कवचावरील वाढीच्या रेषा दाखवाव्या, आणि तो होता तेथेच परत ठेवण्यास सांगावे. शिक्षण म्हणतात ते हेच, आणि त्यास वीज लागत नाही.

आमच्या स्नेह्यांना हा लेख रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. तथापि टाकी तूर्त रिकामी आहे आणि दुसरा शिंपला अद्याप मागविलेला नाही. त्यांनी तो मागवू नये, आणि येत्या रविवारी मुलीस घेऊन नदीवर जावे, एवढीच आमची त्यांस विनंती आहे. तेथे एकही शिंपला सापडला नाही, तर तो का सापडला नाही हे ती विचारील, आणि त्या प्रश्नाचे उत्तर देणे आपणां सर्वांस भाग पडेल.