तेलाच्या सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं?

कच्च्या तेलाचा भाव चढू लागला की या स्तंभाच्या टपालात एक प्रश्न हमखास येतो: ओएनजीसी घ्यावा का? त्यामागचं गणित सरळ दिसतं. कंपनी तेल काढते, तेल महागलंय, म्हणजे नफा वाढणार, म्हणजे शेअर वर जाणार. आपल्याकडे हे गणित मध्येच तुटतं. का तुटतं हे कळायचं असेल तर भावाचा आलेख मिटून भागधारणेचा तक्ता उघडावा लागतो.

आधी एक गैरसमज. तेल कंपनीचा शेअर घेतला म्हणजे तेलाची थोडीशी मालकी आली, असं अनेकांना वाटतं. मुंबईच्या किनाऱ्यापलीकडे 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या फिरत्या मंचावरून खोदताना तेल लागलं, 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं आणि ‘मुंबई हाय’ हे नाव घरोघरी पोचलं. पण समुद्रतळाखालचं तेल ओएनजीसीचं कधीच नव्हतं. राज्यघटनेच्या 297व्या कलमानुसार ते केंद्राच्या ताब्यातलं आहे. कंपनीला मिळतो तो ते काढून विकण्याचा परवाना. त्यावर रॉयल्टी आणि किमतीच्या 20 टक्के उपकर भरायचा, मग कंपनी कर भरायचा, आणि उरेल त्यात भागधारकाचा वाटा. जमिनीवरच्या विहिरींची रॉयल्टी गुजरात, आसामसारख्या राज्यांना मिळते, समुद्रातली केंद्राला. त्यामुळे नावात मुंबई असूनही मुंबई हायच्या रॉयल्टीतला रुपया महाराष्ट्राच्या तिजोरीत पडत नाही.

खासगी कंपनीची गोष्टही वेगळी नाही. 2005 मध्ये अंबानी बंधूंच्या वाटण्या झाल्या तेव्हा कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू धाकट्याच्या कंपनीला 2.34 डॉलरने देण्याचं ठरलं होतं. सरकारने पुढे भाव 4.20 डॉलर ठरवला आणि भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मे 2010 मध्ये न्यायालयाने सांगितलं की वायू सरकारचा आहे, घरातला समझोता सरकारी धोरणाला बांधू शकत नाही. देशातल्या सर्वात श्रीमंत घराला जे ऐकून घ्यावं लागलं, ते शंभर शेअरवाल्याने आधीच धरून चालावं.

आता तक्ता. ओएनजीसीचे एकूण सुमारे 1,258 कोटी शेअर आहेत. त्यातले जवळपास 59 टक्के केंद्र सरकारकडे. एलआयसीकडे दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ज्यांनी आयुष्यात डीमॅट खातं उघडलं नाही असे लाखो पॉलिसीधारकही या तेलात अप्रत्यक्ष आहेत. इंडियन ऑइलकडे आठ टक्क्यांच्या आत-बाहेर, गेलकडे अडीच टक्क्यांच्या. उरलेल्या साधारण वीस टक्क्यांत म्युच्युअल फंड, परदेशी संस्था आणि तुम्ही-आम्ही. उलट बाजूने ओएनजीसीकडे इंडियन ऑइलचे 14 टक्के आहेत, हिंदुस्तान पेट्रोलियमचे निम्म्याहून जास्त, पेट्रोनेट एलएनजीचे साडेबारा. एकमेकांत गुंतलेल्या या भागधारणेची सुरुवात 1999 मध्ये झाली, कारण सरकारला निर्गुंतवणुकीचा आकडा गाठायचा होता आणि सरकारी कंपन्यांच्या खिशात पैसे होते. हा प्रयोग पुढेही वेगवेगळ्या रूपांत होत राहिला.

सामाईक सातबारा ज्यांनी सांभाळलाय त्यांना हे पटकन समजेल. थोरल्या भावाच्या नावावर निम्म्याहून अधिक क्षेत्र, तलाठीही तोच, शेतसारा ठरवणाराही तोच, आणि माल कोणत्या भावाने विकायचा हेही तोच सांगणार. तो वाईट माणूस आहे असं नाही. पण त्याचे हिशेब चार आहेत आणि तुमचा एकच.

2013-14 चं वर्ष बघा. ओएनजीसीच्या तेलाचा बाजारभाव बॅरलमागे 106 डॉलरच्या घरात होता. कंपनीच्या हातात पडले 41 डॉलर. मधले पैसे डिझेल, केरोसीन आणि गॅस सिलिंडर स्वस्त ठेवण्यासाठी तेल विक्री कंपन्यांना सवलत म्हणून गेले. ती रक्कम त्या वर्षी 56 हजार कोटींवर होती आणि कंपनीचा निव्वळ नफा 22 हजार कोटींच्या आसपास. म्हणजे नफ्याच्या अडीच पट रक्कम भागधारकाच्या आधी दुसरीकडे वळली. पुढे डिझेलचे भाव मोकळे झाले, तेल कोसळलं आणि ती पद्धत थांबली. मग 1 जुलै 2022 रोजी, युक्रेन युद्धाने तेल भडकलेलं असताना, देशी कच्च्या तेलावर टनामागे 23,250 रुपयांचा जादा कर आला. त्या एका दिवसात शेअर 13 टक्के पडला. कराचा दर नंतर पंधरवड्याला बदलत राहिला. डिसेंबर 2024 मध्ये तो रद्द झाला, तोवर तेलही उतरलं होतं.

या कराच्या तत्त्वाला माझा विरोध नाही. युद्धामुळे भाव दुप्पट झाला तर त्यात कंपनीचा घाम नाही, आणि तेल देशाचं असेल तर त्या लाभात देशाचा हक्क पहिला. ज्या विधवेच्या घरात केरोसीनवर चूल पेटत होती, तिच्यापुढे माझ्या लाभांशाचं रडगाणं गाणार नाही. राग येतो तो नियम रातोरात बदलण्याचा. मुंबई हाय म्हातारं झालंय. तिथलं उत्पादन 1980च्या दशकातल्या शिखराच्या कितीतरी खाली आहे आणि 2025च्या जानेवारीत ब्रिटिश कंपनी बीपीला तांत्रिक मदतीला बोलवावं लागलं. खोल समुद्रात विहीर खोदायचा निर्णय दहा-पंधरा वर्षांचा असतो. कर पंधरवड्याचा असून कसं चालेल?

आणि 2018 चं प्रकरण तर मला आजही पचत नाही. त्या जानेवारीत ओएनजीसीने हिंदुस्तान पेट्रोलियममधला सरकारचा 51.11 टक्के हिस्सा शेअरमागे 473.97 रुपयांनी, एकूण 36,915 कोटींना विकत घेतला. विकणारं सरकार, घेणाऱ्या कंपनीचं मालकही सरकारच. सरकारच्या त्या वर्षीच्या निर्गुंतवणुकीने उद्दिष्ट ओलांडलं, ओएनजीसीच्या ताळेबंदावर कर्ज चढलं. हिंदुस्तान पेट्रोलियमच्या किरकोळ भागधारकांसाठी खुली ऑफरही आली नाही, कारण नियमाच्या दृष्टीने अंतिम मालक बदललाच नव्हता. कायदेशीर सगळं नीट होतं. पण बाजारभावावर चढी किंमत एका भागधारकाला मिळाली आणि बाकीचे बघत राहिले.

हे रोखायचं कोणी? संचालक मंडळावरच्या स्वतंत्र संचालकांनी. गंमत अशी की सरकारी कंपनीत त्यांची नेमणूकही सरकारच करतं आणि अनेकदा वेळेवर करत नाही. 2023 मध्ये पुरेसे स्वतंत्र संचालक नसल्याबद्दल शेअर बाजारांनी ओएनजीसी, इंडियन ऑइल, गेल यांना दंड लावला. कंपन्यांचं उत्तर: नेमणूक आमच्या हातात नाही. ते खरंच होतं. साधा ठराव निम्म्याहून जास्त मतांनी मंजूर होतो, ती मतं एकट्या सरकारकडे आहेत. विशेष ठरावाला 75 टक्के लागतात, तिथे एलआयसी आणि फंडांचं मत कामाला येतं. तुमचं-माझं मत ई-व्होटिंगमध्ये नोंदलं जातं, इतकंच.

मग घ्यायचाच नाही का? घ्यावा, पण लाभांशासाठी. तिथे मोठ्या भागधारकाची गरज आणि तुमची गरज एकाच दिशेला जाते, कारण अर्थसंकल्पाला पैसा लागतो आणि लाभांश दिला तर तो सगळ्यांना सारख्याच दराने द्यावा लागतो. सरकारी कंपन्यांनी नफ्याच्या किमान 30 टक्के किंवा निव्वळ मूल्याच्या 4 टक्के, यातलं जे जास्त असेल ते वाटावं, असा सध्याचा दंडक आहे. 2020 पासून हा लाभांश तुमच्या उत्पन्नात धरला जातो आणि तुमच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो, तो वजा करूनच बँकेच्या ठेवीशी तुलना करा. तेल शंभरावर जाईल म्हणून घेणार असाल तर मात्र नको. शंभरावर गेलेल्या तेलाचा पहिला घास कोणाचा, हे वर दिसलंच आहे.

आणि ज्यांच्या घरी हा शेअर आधीच पडून आहे त्यांच्यासाठी. मार्च 2004 मध्ये सरकारने 750 रुपयांनी जनतेला शेअर विकले, तेव्हा अनेक नोकरदारांनी घेतले होते. त्यानंतर 2006 चा बोनस, 2011 मधलं विभाजन आणि बोनस, 2016 चा बोनस धरला तर तेव्हाच्या एकाचे आज नऊ झालेत. वडिलांच्या नावावर असतील, बँक खातं बंद पडलं असेल आणि सलग सात वर्षं लाभांश उचलला गेला नसेल, तर शेअरसकट सगळं केंद्राच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातं. अर्ज करून परत मिळतं, पण वारसाची कागदपत्रं जमवताना दमछाक होते. या रविवारी कपाट उघडून जुनी डीमॅट विवरणपत्रं काढा आणि खातं, नामनिर्देशन दोन्ही तपासून घ्या.