उत्तर सांगू नका, करून बघू द्या

पालकहो, मूल अभ्यासाला बसलं की आपण पुस्तक हातात घेऊन विचारतो, "त्वरण म्हणजे काय?" मूल घडाघडा व्याख्या म्हणून दाखवतं. आपण खूश, मूल मोकळं. त्याच मुलाला विचारा, वही आणि सुटा कागद एकदम सोडले तर आधी काय पडेल? "वही. जड असते ना!" खरं सांगायचं तर आपल्यापैकी अनेकांचं उत्तरही हेच असतं.

माझी कळकळीची विनंती आहे, त्या उत्तराला लगेच चूक म्हणू नका. करून बघा.

वही आणि कागद सारख्या उंचीवरून सोडा. वही धप्पकन पडेल, कागद हेलकावे खात येईल. "बघ, मी म्हटलंच होतं!" म्हणू द्या. आता त्याच कागदाचा घट्ट बोळा करा आणि पुन्हा सोडा. दोन्ही जवळजवळ एकदमच जमिनीवर! कागदाचं वजन तर तेवढंच आहे. मग बदललं काय? इथे गप्प राहा. हवा कागदाला अडवत होती, हे मुलाला स्वतःला सुचू द्या, मग त्याला दोन दिवस लागले तरी चालतील.

जड वस्तू लवकर पडते हे अ‍ॅरिस्टॉटलचं म्हणणं मोठमोठ्या विद्वानांनीही शतकानुशतकं धरून ठेवलं होतं. गॅलिलिओने मोजायचं ठरवलं. त्याच्याकडे स्टॉपवॉच नव्हतं. उतरत्या फळीच्या खोबणीतून त्याने गोळी सोडली आणि तेवढ्या वेळात भांड्यातून बारीक धारेने पडलेलं पाणी तोलून वेळ काढला. १६३८ साली छापलेल्या पुस्तकात त्याने हे सगळं लिहून ठेवलं आहे. पुढे १९७१ साली अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं. तिथे अडवायला हवाच नाही, त्यामुळे दोन्ही एकदमच पडले.

आपल्या घरी तर मोबाइलमध्ये स्टॉपवॉच आहे. दोऱ्याला एक लोखंडी नट बांधा आणि दाराच्या चौकटीला टांगा. गाठीपासून नटाच्या मध्यापर्यंत एक मीटर अंतर ठेवा. थोडासाच झोका द्या आणि जाऊन-येऊन एक असे दहा झोके मोजा. साधारण २० सेकंद लागतील. एकच झोका का मोजायचा नाही? बटण दाबताना बोट थोडं मागेपुढे होतंच. दहा मोजले की ती चूक दहांत वाटली जाते.

आता एकाऐवजी दोन नट शेजारी शेजारी बांधा. सोडण्याआधी मुलाला अंदाज वहीत लिहायला लावा. वेळ तेवढाच येईल. मग नट एकच ठेवून दोरा अर्धा करा. बहुतेक मुलं "दहा सेकंद" लिहितील आणि येतील साधारण १४. दहा हवे असतील तर दोरा पाव मीटरच ठेवावा लागतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, प्रत्येक मोजणी तीनदा करायची, आलेला आकडा जसाच्या तसा लिहायचा. विज्ञानाची रीत ती हीच.

तीन गोष्टी मात्र पाळा. चुकलेला अंदाज खोडू देऊ नका. त्याच्याशेजारीच खरा आकडा लिहायला सांगा. उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, चल बघू या" असं म्हणायला लाजू नका. आणि सांडलवंड झाली तर रागावू नका.

शिक्षकांनाही एक सांगणं आहे. सी. व्ही. रामन यांच्या १९२८ मधल्या शोधाची आठवण म्हणून आपण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा करतो. त्या दिवशी मुलं दुकानातून तयार मॉडेलं आणून मांडतात. यंदा मॉडेलऐवजी ही वही मागा. जिच्यात चुकलेले अंदाज आणि त्यांच्याशेजारी मोजलेले आकडे असतील, त्या वहीला पहिलं बक्षीस द्या.

व्याख्या परीक्षेनंतर विसरल्या जातील. पण स्वतः मोजलेले ते १४ सेकंद मूल विसरणार नाही. पुढे कुणी कितीही ठासून काही सांगितलं, तरी ते आधी विचारेल, "करून बघितलंय का?"