तासाला दोनशे आणि बाबांची पेन्शन

फ्रीलान्स वेब प्रोग्रामिंगचा तासाचा दर ठरवायची आपल्याकडे एक ठरलेली पद्धत आहे. शेवटचा पगार घ्यायचा, 160 ने भागायचं आणि जो आकडा येईल त्याच्याही खालचा सांगायचा. खालचा का, तर "सुरुवात आहे ना". ही पद्धत साफ चुकीची आहे. ती चालते, कारण तिचा तोटा भरून देणारं कुणीतरी घरात असतं.

हिशेबच मांडतो. समजा पगार महिना 60,000 होता. 160 ने भागले की 375 रुपये. पण कंपनी 160 तास कोडिंगचे पैसे देत नव्हती. त्यात गणपतीची सुट्टी होती, तापाचे दोन दिवस होते, चहा होता आणि निष्फळ मीटिंगाही होत्या.

आता स्वतःचं वर्ष बघा. 365 दिवसांतले शनिवार-रविवारचे 104 गेले. सणवाराचे 10, आजारपण-लग्नकार्य-गावी जाणं याचे 20. उरले 231. रोज आठ तास बसलात तरी बिलात लिहिता येतात फार तर पाच. बाकीचे कोटेशन बनवण्यात, "एक छोटासा कॉल"मध्ये आणि अडकलेल्या पैशांसाठी फोन करण्यात जातात. म्हणजे वर्षाचे 1,155 तास. नोकरीच्या हिशेबातले 1,920 नव्हेत.

आता कमवायचे किती? वर्षाचा पगार 7,20,000. कंपनी पीएफमध्ये मूळ पगाराच्या 12 टक्के स्वतःचे घालत होती. मूळ पगार 30,000 धरला तर ते 43,200. आरोग्य विमा 25,000. 80,000 चा लॅपटॉप चार वर्षं चालला तर वर्षाला 20,000. वीज, इंटरनेट, इन्व्हर्टर मिळून 36,000. सीएची फी 15,000. बेरीज 8,59,200. भागिले 1,155, म्हणजे तासाला 744 रुपये. तुमचे खर्च वेगळे असतील, तर आकडे बदलून बघा; 375 च्या आसपास काही येणार नाही. शिवाय यात रिकामा महिना धरलेला नाही, बुडालेलं बिल नाही, ग्रॅच्युइटीचं तर नावच नाही. फायव्हरवरून काम घेत असाल तर ते 20 टक्के कापून घेतात, म्हणजे हातात 744 पडायला 930 लावावे लागतात.

मग 200 रुपये तासाने काम करणारी मुलं जगतात कशी? 1,155 तासांचे होतात 2,31,000, महिन्याला 19,250. जगतात, कारण फ्लॅट बाबांचा, डबा आईचा आणि वायफायचं बिल घरखर्चात. तो 200 चा दर म्हणजे बाबांच्या पेन्शनीतून क्लायंटला दिलेलं अनुदान आहे. निवृत्त शिक्षकाने आयुष्यभर साठवलेलं एखाद्या बिल्डरच्या वेबसाइटवर खर्च होतंय, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही.

मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. परभणीहून पुण्यात येऊन कॉट बेसिसवर राहणारी मुलगी तेच काम तितकंच चांगलं करते. पण तिला भाडं द्यायचंय, मेसचे पैसे द्यायचेत, घरी पाठवायचेत. 200 मध्ये ती सहा महिने टिकत नाही. आपण तिला कौशल्यात हरवत नाही, फ्लॅटमध्ये हरवतो, आणि वर म्हणतो की बाजारभावच असा आहे.

"अनुभव मिळतो" हा दुसरा युक्तिवाद. अनुभवच हवा तर गावच्या वाचनालयाची साइट फुकट करून द्या, त्यात निदान सरळपणा आहे. 200 ला आलेला क्लायंट पुढच्या वर्षी 750 देत नाही. तो तुमचा नंबर मेव्हण्याला देतो, "स्वस्तात करतो" म्हणून.

आणि दर नीट लावलात तरी पैसे वेळेवर यायला हवेत. उद्यम नोंदणी फुकट होते. ती असली की एमएसएमई कायद्यानुसार खरेदीदाराने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर केला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. नोंदणी क्रमांक इन्व्हॉइसवर छापा.

"पोरं दोनशेत करून देतात" असं मला अजूनही दर महिन्याला कुणीतरी ऐकवतं. मी वरचा हिशेब त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवतो. बरेच जण ब्लू टिक देऊन गप्प बसतात. एकाने विचारलं होतं, "इन्व्हर्टरचे पैसे मी का देऊ?" त्याच्या दुकानाच्या भाड्याचे पैसे त्याच्या गिऱ्हाइकांकडूनच येतात, एवढंच मी उलट लिहिलं.