मागच्या चाकांचे ड्रम काढू नका

छोट्या मोटारीच्या मागच्या चाकांतले ड्रम काढून तिथे डिस्क बसवायची हौस आता पुण्या-मुंबईपुरती उरलेली नाही. आमगावसारख्या तालुक्याच्या गावीही स्विफ्ट, वॅगनआर, बलेनो बाळगणारे तरुण मोबाईलवर चित्रफिती पाहतात, मिस्त्रीला भाव विचारतात, नागपूर-रायपूरच्या जुन्या मालाच्या बाजारात कॅलिपर शोधतात. त्यामागची भावना चांगलीच आहे. गाडीत आईवडील बसतात, लेकरे बसतात, ती वेळेवर थांबली पाहिजे. पण त्या भावनेपोटी निवडलेला उपाय चुकीचा आहे आणि धोक्याचाही आहे.

आधी पूर्वपक्ष नीट ऐकून घेऊ. डिस्क उघडी असते, तिची उष्णता वाऱ्याने निघून जाते. ड्रम बंद असतो. तापला की फुगतो, ब्रेक-शूपासून दूर सरकतो आणि पायडल खोल जाते. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहत असताना गाडी काढली तर ड्रममध्ये पाणी शिरते आणि काही वेळ ब्रेक लागत नाही. डिस्क मात्र पाणी लगेच झटकून टाकते. शिवाय महागड्या गाड्यांना चारही चाकांना डिस्क असतात. मग आपल्या गाडीला का नकोत? यातले प्रत्येक विधान खरे आहे. चूक आहे ती शेवटच्या प्रश्नात गृहीत धरलेल्या उत्तरात.

ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढे झुकते. नऊशे किलोची छोटी गाडी घ्या. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर २.४५ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण अर्धा मीटर. उभ्या गाडीत पुढच्या चाकांवर ५४० किलो आणि मागच्यांवर ३६० किलो भार आहे असे धरू. कोरड्या डांबरावर जोराचा ब्रेक लावला की सुमारे १४७ किलो भार मागून पुढे सरकतो. मागे उरतात जेमतेम २१३ किलो, म्हणजे एकूण भाराचा चौथा हिस्सासुद्धा नाही. ज्या चाकावर भारच नाही त्याच्या टायरला रस्त्यावर पकड मिळत नाही, आणि पकडीपेक्षा जास्त जोर लावला तर चाक फक्त अडकते, घसरते. तेवढे चाक अडकवण्याची ताकद चांगल्या स्थितीतल्या ड्रममध्ये आधीपासूनच आहे. डिस्क लावून जी ताकद वाढवायची ती खर्च कुठे करणार?

ती खर्च होते ती चुकीच्या जागी. पुढची चाके आधी अडकली तर गाडी वळत नाही, पण सरळ तरी घसरते. मागची आधी अडकली तर गाडीचा मागचा भाग पुढे यायला बघतो आणि गाडी गरकन फिरते. ओल्या रस्त्यावर, वळणावर, समोरून धानाचा ट्रक येत असताना ती आडवी होणे म्हणजे काय, हे गोंदिया-देवरी रस्त्यावर रोज जाणाऱ्याला सांगायला नको. म्हणूनच मागची चाके पुढच्यांच्या आधी अडकू नयेत हा ब्रेक-रचनेचा जगभर पाळला जाणारा नियम आहे. त्यासाठी जुन्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब रोखणारा व्हॉल्व्ह असतो, नव्यांत एबीएसचा संगणक ते काम करतो. एप्रिल २०१९ पासून भारतात प्रत्येक नव्या मोटारीला एबीएस सक्तीचे आहे. हा व्हॉल्व्ह आणि हा संगणक मागे ड्रम आहेत असे धरूनच जुळवलेले असतात. तुम्ही ड्रम काढला, पण त्यांना ते कोणी सांगितले?

तेलाच्या दाबाचे गणितही असेच आहे. ड्रममधला पुढचा शू चाकाच्या फिरण्यानेच ड्रममध्ये अधिक रुततो, म्हणजे ब्रेक स्वतःच स्वतःला मदत करतो. डिस्कला ही मदत नाही. तिला जास्त दाब लागतो किंवा मोठा पिस्टन लागतो, आणि मोठ्या पिस्टनला तेल जास्त लागते. मास्टर सिलिंडर मात्र मूळचाच असतो. त्यामुळे पायडल लांब जाते. पिस्टन फार मोठा निघाला तर मागची चाके लवकर अडकतात, लहान निघाला तर मूळ ड्रमपेक्षाही ब्रेक कमी लागतो. जुन्या बाजारातून आणलेला कॅलिपर यांपैकी कोणत्या बाजूला पडेल हे गॅरेजमध्ये मोजायची सोय नाही. हॅन्डब्रेकचे हाल निराळेच. ड्रममध्ये तो सोपा आणि पक्का असतो. मूळ केबल दुसऱ्या गाडीच्या कॅलिपरला जोडली की उतारावर उभी केलेली गाडी किती वेळ जागची हलणार नाही याची खात्री कोणी देत नाही.

पाण्याचा आक्षेप मी हलका मानत नाही. आमच्याकडे पाऊस थोडा पडत नाही. पण थांबवण्याचे तीन-चतुर्थांश काम करणाऱ्या पुढच्या चाकांना डिस्क आहेतच. रपटा ओलांडल्यावर मागेपुढे वाहन नाही हे पाहून, हळू वेगात दोन-चार वेळा हलका ब्रेक दाबला की ड्रमही वाळतो. आणि पाण्याइतकाच आपल्याकडे चिखल आहे. रोवणीच्या दिवसांत बांधीतून निघालेले ट्रॅक्टर डांबरावर चिखल पसरवत जातात, सुगीत धुरळा आणि कोंडा उडतो. या सगळ्यापासून बंद ड्रम आतल्या भागांना बराच वाचवतो. फोक्सवॅगनने आपल्या आयडी.४ या आधुनिक विजेरी मोटारीला मागे मुद्दाम ड्रम दिले, कारण विजेरी गाडीत मागचा ब्रेक कमी वापरला जातो आणि उघडी डिस्क गंजते. ड्रम हे केवळ गरिबाच्या गाडीचे लक्षण असते तर त्या कारखान्याने तसे केले नसते.

मारुतीने २०१७ साली बलेनो आरएसला चारही चाकांना डिस्क दिल्या, हे उदाहरण हमखास पुढे केले जाते. ते माझ्याच बाजूचे आहे. कारखान्याने ती रचना त्या डिस्कसह मंजूर करून घेऊन विकली. आपण उचलतो ती फक्त डिस्क, मागची तपासणी उचलत नाही. दरेकशाकडच्या उतारांसाठी डिस्क हवी म्हणणाऱ्यांनाही हेच सांगेन की उतार खालच्या गिअरमध्ये उतरायचा असतो. त्याहून जास्त ब्रेक ऑइलकडे बघा. नवे डॉट ३ तेल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतला ओलावा शोषून जुने झाले की हा आकडा १४० पर्यंत खाली येऊ शकतो. उकळलेल्या तेलात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पायडल फुसके होते. त्या क्षणी मागे डिस्क आहे की ड्रम याने काहीच फरक पडत नाही.

कायदाही विसरू नका. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. अपघातानंतर विमा कंपनी या बदलावर बोट ठेवू शकते, तो त्रास वेगळाच.

मग पैसे कुठे घालावेत? टायरमध्ये. ताशी ८० किलोमीटर वेगातली गाडी कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरवर ब्रेक लागल्यापासून साधारण ३१ मीटरांत थांबते. ओला रस्ता आणि झिजलेले टायर यांमुळे पकड पाचअष्टमांशावर आली की तेच अंतर ५० मीटर होते. मधल्या १९ मीटरांत ट्रॉलीसकट ट्रॅक्टर मावतो, आणि कोणतीही मागची डिस्क ते १९ मीटर परत देत नाही. त्यानंतर ब्रेक ऑइल, दर दोन वर्षांनी. मग ड्रम उघडून शूचे लायनर, व्हील सिलिंडरची गळती आणि अ‍ॅडजस्टर पाहणे. ‘मागचा ब्रेक लागतच नाही’ अशी तक्रार असेल तर डिस्कचा विचार करण्याआधी हे तिन्ही तपासून घ्या.

आमगावच्या मिस्त्रींना माझी कळकळीची विनंती आहे. गिऱ्हाईक हट्टाला पेटले, जास्त पैसे देतो म्हणाले, तरी हे काम हाती घेऊ नका. त्याऐवजी रोवणीच्या आधी त्याचे ड्रम उघडा, साफ करा, लायनर बदला, एअर काढून नवे तेल भरा आणि झिजलेला टायर त्याला बोटाने दाखवा.