रक्ताचा काटाही तपासलेला हवा

रेशनच्या दुकानात काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का आहे का, हे आपल्या वस्तीतल्या आयाबाया बघतात. गहू कमी भरला तर भांडतात. रक्ताच्या रिपोर्टवरचा आकडा मात्र आपण मुकाट्याने घेतो. तोही काट्यावरच मोजलेला असतो, आणि तो काटाही बिघडतो.

सीडी-४ ची तपासणी घ्या. एचआयव्हीसोबत जगणाऱ्या घरांना ती ठाऊक आहे. निरोगी मोठ्या माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात या पेशी साधारण ५०० ते १५०० असतात. त्या २०० च्या खाली गेल्या, तर आजार बळावला असे डॉक्टर मानतात आणि टीबी, मेंदूज्वर यांचा शोध घेतात. २०१७ पासून आपल्या देशात आकडा कितीही असला तरी एआरटीची औषधे सुरू होतात. मग मोजणीचा एवढा आग्रह कशाला, असे कुणी विचारेल. पण २०० ची रेघ आजही तिथेच आहे. रेघेच्या खालचा माणूस चुकून वर मोजला गेला, तर त्याचा धोका कुणाच्या लक्षातच येणार नाही.

ही मोजणी फ्लो सायटोमीटर नावाच्या यंत्रावर होते. रक्तात सीडी-४ ला चिकटणारा चमकणारा रंग मिसळतात. पेशी एकेक करून लेसरसमोरून जातात आणि यंत्र त्यांना चमकेवरून ओळखते. मोनोसाइट नावाच्या दुसऱ्या पेशींवरही थोडे सीडी-४ असते, त्या मंद चमकतात. यंत्राची नजर बिघडली की उजळ कोण आणि मंद कोण, याची गल्लत होते.

म्हणून यंत्रातून आधी ठरलेल्या तेजाचे सूक्ष्म मणी सोडतात. त्यांची चमक ठरल्या जागी आली, तरच रुग्णाचे रक्त लावायचे. ही झाली घरची तपासणी. बाहेरचीही असते. एकच नमुना अनेक प्रयोगशाळांना पाठवून कुणाचा आकडा किती जुळतो ते पाहतात. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने सीडी-४ साठी हे काम केले आहे.

माझे म्हणणे एवढेच की ही माहिती प्रयोगशाळेच्या वहीत न राहता रिपोर्टवर छापावी. यंत्र कधी तपासले, बाहेरच्या तपासणीत प्रयोगशाळा आहे की नाही, दोन ओळी पुरेत. सरकारी असो वा खाजगी, नियम एकच हवा. चुकीच्या आकड्यापायी पुन्हा खेपा घालाव्या लागतात, तेव्हा रोजी आपलीच बुडते.

तोवर आपण तीन गोष्टी करू. तपासणी शक्यतो एकाच ठिकाणी करू. जुने रिपोर्ट जपून ठेवू. आकडा एकदम वर-खाली झाला तर घाबरून औषध न सोडता डॉक्टरांना विचारू, "पुन्हा मोजायचे का?" असे विचारणे उद्धटपणा नाही. काटा बघून गहू घेणारी माणसे आहोत आपण.